तीन अक्षरांचा अहवाल

माझी मुलगी तीन आठवड्यांची असताना टपालाने एक पत्र आले. अमेरिकेत जन्मणाऱ्या बाळाच्या टाचेतून पहिल्या एक-दोन दिवसांत रक्ताचे काही थेंब घेतात आणि अनेक आजारांसाठी ते तपासतात. २००६ पासून येथील सर्व राज्यांत या तपासणीत सिकलसेलचाही समावेश आहे. आमच्या पत्रात हिमोग्लोबिनच्या रकान्यात तीन अक्षरे होती : 'एफ ए एस'. त्याखाली खुलासा होता की बाळ निरोगी आहे, मात्र ते सिकलसेलचे वाहक आहे; आई-वडिलांनी स्वतःची तपासणी करून घ्यावी.

पत्नीचा अहवाल 'एए' आला, माझा 'एएस'. वयाची ३४ वर्षे मी हे एक अक्षर अंगात वागवीत होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. त्या रात्री नागपूरला आईला फोन केला. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हे कोणाला सांगू नको बाबू. तुझ्या बहिणीचं जमायचं आहे अजून."

आईच्या त्या वाक्यात भीती होती आणि ती निराधार नव्हती. म्हणूनच या तीन अक्षरांचा अर्थ आपल्या सर्व कुटुंबांपुढे नीट मांडावा असे वाटले. बहिणीविषयी येथे जे लिहिले आहे ते तिच्या परवानगीने लिहिले आहे.

मेंडेलचे वाटाणे

आनुवंशिकतेचा पाया ब्रनो येथील एका मठात घातला गेला. ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने आठ वर्षे वाटाण्याची हजारो रोपे वाढवली आणि १८६६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोल दाण्याच्या शुद्ध वाणाचा सुरकुतलेल्या दाण्याच्या वाणाशी संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती नाहीशी झाली असे कोणीही म्हटले असते. परंतु त्याच पिढीपासून पुढची पिढी घेतली, तेव्हा ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० दाणे सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. सुरकुती नष्ट झालीच नव्हती, ती एक पिढी दडून राहिली होती.

मेंडेलने यातून काढलेले अनुमान आजही शाळेत शिकवले जाते. प्रत्येक गुणासाठी आपल्याजवळ दोन घटक असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. हे घटक दुधात पाणी मिसळावे तसे मिसळून जात नाहीत. ते वेगवेगळे राहतात आणि अपत्याला देताना त्या दोहोंपैकी एकच दिला जातो. कोणता, ते केवळ योगायोगाने ठरते. या घटकांना आज आपण जनुके म्हणतो. ती गुणसूत्रांवर असतात आणि माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात.

'रक्तात आले आहे', 'अर्धे रक्त आईचे' असे आपण सहज बोलतो. त्यामागची कल्पना मिश्रणाची आहे, आणि नेमकी तीच चुकीची आहे. माझे 'एस' पातळ होऊन मुलीकडे गेले नाही. ते जसेच्या तसे गेले. ते न जाण्याचीही तेवढीच शक्यता होती.

एका अक्षराचा फरक

जनुक म्हणजे डीएनएवर लिहिलेली सूचना. ती चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते आणि तीन-तीन अक्षरांच्या गटाने वाचली जाते. प्रत्येक गट एका अमिनो आम्लाचे नाव सांगतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीची सूचना ११व्या गुणसूत्रावर आहे. या साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सहाव्या स्थानी सामान्यतः 'जीएजी' हा गट असतो आणि तेथे ग्लुटामिक आम्ल बसते. सिकलसेलच्या जनुकात मधल्या 'ए'च्या जागी 'टी' येतो, गट 'जीटीजी' होतो आणि त्या जागी व्हॅलिन बसते. बाकीची १४५ आम्ले तीच राहतात.

हा फरक व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधून काढला. त्याआधी १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की या आजाराचे मूळ एका रेणूच्या घडणीत आहे. मी उपजीविकेसाठी संगणकाच्या आज्ञा लिहितो. एका अक्षराने सबंध प्रणाली बंद पडलेली मी पाहिली आहे, तरीही तीन अब्ज अक्षरांतील एका अक्षराचा हा परिणाम समजून घेताना मन थबकले.

जनुकात होणाऱ्या अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि नक्कल करताना क्वचित चुका राहून जातात. आई-वडिलांत नसलेले असे काही डझन नवे बदल प्रत्येक बाळात असतातच. बहुतेकांचा काहीही परिणाम होत नाही. काही अपायकारक ठरतात, काही उपकारक. उत्परिवर्तन हा कोणत्याही घराला लागलेला डाग नव्हे. सजीवांतील सगळी विविधता त्यातूनच आली आहे.

ज्याच्याकडे दोन्ही 'एस' आहेत त्याच्या रक्तातील प्राणवायू कमी झाला की बदललेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवते. गोल, लवचीक रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग हाडांत आणि छातीत असह्य वेदना उठतात. साधारण रक्तपेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्तक्षय होतो, डोळे पिवळे दिसतात.

ज्याच्याकडे एक 'ए' आणि एक 'एस' आहे तो वाहक. त्याला आजार नसतो. तो सामान्य आयुष्य जगतो. फक्त अतिश्रम, पाण्याची कमतरता आणि फार उंचीवरचे प्रवास यांत त्याने काळजी घ्यावी. दोघे वाहक पती-पत्नी झाले, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य 'एसएस' असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि 'एए' असण्याची २५ टक्के असते. 'प्रत्येक' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटतील, असा हिशेब निसर्ग ठेवत नाही.

हे अक्षर टिकले कसे?

इतका घातक बदल पिढ्यानपिढ्या टिकला कसा, या प्रश्नाचे उत्तर १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दिले. एक 'एस' असलेल्या मुलांना तीव्र मलेरियापासून मोठे संरक्षण मिळते. मलेरियाच्या प्रदेशात वाहक अधिक जगले आणि ते अक्षर पुढे जात राहिले. म्हणूनच ते मध्य आफ्रिकेत, भूमध्य समुद्राच्या काठी, अरबस्तानात आणि भारतात आढळते. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. पुढे ते मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात आढळले. विदर्भात ते गोंड आणि परधानांत आहे, आपल्या बौद्ध समाजात आहे आणि कुणबी-तेली समाजांतही आहे. 'हा तुमच्या लोकांचा आजार' असे कोणी म्हणाले, तर उत्तर सोपे आहे : हा मलेरियाच्या जंगलपट्टीत जगून दाखवलेल्यांचा वारसा आहे.

रक्त, जात आणि कर्म

जातीची इमारत रक्ताच्या शुद्धतेच्या कल्पनेवर उभी आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मर्म कशात आहे, याचे त्यांचे उत्तर एकच होते : जातीअंतर्गत विवाह. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात त्यांनी रक्तशुद्धीचा दावाही खोडून काढला. भारतातील लोक एकमेकांत मिसळलेले आहेत, हे त्यांनी दाखवून दिले.

त्या निबंधाला १०० वर्षे झाली त्याच वर्षी, २०१६ मध्ये, पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील संशोधकांनी भारतीयांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की येथील समूह पूर्वी मुक्तपणे मिसळत होते आणि सुमारे ७० पिढ्यांपूर्वी अनेक समूहांत हे मिसळणे थांबले. २०१३ साली हैदराबाद आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी हा सरमिसळीचा काळ ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा ठरवला होता. भिंत निसर्गाने घातलेली नाही, माणसाने घातली आहे, आणि ती केव्हा घातली गेली याच्या खुणा आपल्या पेशींत सापडतात.

या भिंतीची किंमत गणितात मांडता येते. समजा एखाद्या समूहात १०० पैकी १० जण वाहक आहेत. समूहातच विवाह झाला, तर दोघेही वाहक असण्याची शक्यता १००त १ आणि अपत्याला आजार होण्याची ४००त १. ज्या समूहात हे जनुक हजारात एकाकडे आहे तेथे विवाह झाला, तर तीच शक्यता ४०,०००त १ होते. अर्थात मिश्र विवाह हे काही औषध नाही आणि त्याचे खरे कारणही हे नव्हे. ते कारण समता आहे. परंतु जातीअंतर्गत विवाहाने रक्त शुद्ध राहते, या दाव्याला हे आकडे पुरेसे उत्तर आहेत.

कर्माविषयीही थोडे बोलले पाहिजे. माझे एक काका भंडारा जिल्ह्यातील गावात १९व्या वर्षी वारले. सतत हाडे दुखत, डोळे पिवळे होत. कधी कावीळ म्हणून, कधी वात म्हणून उपचार झाले. गावातले लोक म्हणत, मागच्या जन्मीचे भोग. त्यांचे रक्त कधी तपासले गेले नाही, त्यामुळे मी खात्रीने काही म्हणू शकत नाही. परंतु माझा अहवाल हाती आल्यापासून त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त आनुवंशिकतेच्याच कसोटीवर तपासला आहे. अपत्य आपले गुणधर्म आई-वडिलांकडून घेते हे विज्ञान सांगते. मग गतजन्मीचे कर्म बाहेरून येऊन त्याचे दैव ठरवते या म्हणण्याला आधार कोणता, असा त्यांचा रोख आहे. काकांना कोणत्याही भोगाची शिक्षा झाली नव्हती. त्यांच्या आजाराला कारण होते, आणि ज्याला कारण असते ते जाणून घेता येते.

तपासणी आणि सन्मान

आईच्या भीतीकडे परत येतो. माहिती बाहेर पडली की माणसे दूर होतात, हा अनुभव या देशानेही घेतला आहे. १९७१ साली ब्लॅक पँथर पक्षाने स्वतःच्या दवाखान्यांतून कृष्णवर्णीयांची सिकलसेल तपासणी सुरू केली, कारण शासन या आजाराकडे लक्ष देत नव्हते. पुढच्याच वर्षी त्या पक्षापासून प्रेरणा घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली. १९७२ साली अमेरिकेत या आजारासाठी कायदा झाला. परंतु त्याच काळात निरोगी वाहकांनाही नोकरी आणि विम्यात अडवले गेले. हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. २००८च्या कायद्याने आता जनुकीय माहितीवरून नोकरीत आणि आरोग्य विम्यात भेदभाव करता येत नाही. आयुर्विम्याला मात्र हे संरक्षण लागू नाही, हे आपण लक्षात ठेवावे.

तपासणी हवीच, पण ती सन्मानाने व्हावी. परदेशी जन्मलेल्या आपल्या मुलांचे अहवाल आहेत. भारतात जन्मलेल्या आपले बहुतेकांचे नाहीत. नेहमीच्या रक्तगणनेत वाहक ओळखू येत नाही आणि रक्तगटाचा याच्याशी काही संबंध नाही. सोल्युबिलिटी चाचणी 'एस' आहे एवढेच सांगते. तो वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने कळते. आयुष्यात एकदा केली की पुरते. दोघेही वाहक असतील, तर समुपदेशन आणि गर्भाची तपासणी उपलब्ध आहे. निर्णय त्या दोघांचा. रुग्णांसाठी हायड्रॉक्सीयुरिया हे औषध आहे. डिसेंबर २०२३ मध्ये येथे जनुकसंपादनाच्या उपचारालाही मान्यता मिळाली, परंतु त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. शिवाय त्यात केवळ रक्त बनवणाऱ्या पेशी बदलतात. बीजपेशींतील अक्षर तसेच राहते, म्हणून बरा झालेला रुग्णही 'एस' अपत्याला देतोच. भारतात जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. गावी गेलात, तर नातेवाइकांना तेथे अवश्य न्यावे.

बहिणीला मी आईच्या नकळत सांगितले नाही. आधी आईला आकडे समजावले : वडील वाहक असतील, तर बहिणीला 'एस' मिळण्याची शक्यता निम्मी, ते लपवले, तर ते नाहीसे होणार नाही, वाटाण्याच्या सुरकुतीसारखे पुढच्या पिढीत वर येईल. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या काकाच्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर?" दुसऱ्या आठवड्यात ती स्वतः बहिणीला तपासणीला घेऊन गेली.

बहिणीचा अहवाल 'एएस' आला. आता ती परिचयपत्रासोबत तो अहवालही देते आणि समोरच्याचा मागते. एका कुटुंबाने त्यानंतर फोन केला नाही. दुसऱ्या ठिकाणच्या मुलाने कोणतीही चर्चा न करता चार दिवसांत आपला अहवाल पाठवला. पुढचे अजून ठरायचे आहे.

जय भीम.