उघड्या चासीवरचे ड्रायव्हर

बोनेटवर तीन टोकांची चांदणी असलेला जुना टाटा-मर्सिडीज कुठे उभा दिसला की मी आजही थांबतो. हौद्याची फळी, स्प्रिंगच्या पाट्यांची कमान, हेडलाईटभोवतीची घडण डोळे भरून बघतो. हे वेड शाळेपासूनचं. इतक्या वर्षांत जुन्या ट्रकांविषयी मिळेल ते वाचलं. इंजिनाबद्दल, मॉडेलांबद्दल, कारखान्यांबद्दल भरपूर सापडलं. गाडी चालवणाऱ्या माणसाबद्दल मात्र फारच थोडं. जे सापडलं ते बहुतेक कायद्याच्या पुस्तकांत आणि न्यायालयाच्या निकालांत.

कारखान्याचा इतिहास वाचकांना ठाऊकच आहे, म्हणून भरभर सांगतो. टाटांची टेल्को १९४५ साली स्थापन झाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. डेमलर-बेंझशी करार होऊन १९५४ च्या ऑक्टोबरात जमशेदपूरला पहिला ट्रक बाहेर पडला. १९६९ मध्ये करार संपला, चांदणी गेली आणि तिच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांनी पुण्याजवळ पिंपरीला दुसरा कारखाना उभा केला. जोडीला अशोक लेलँड होती, कुर्ल्याच्या प्रीमियरचे डॉज-फार्गो होते. या सगळ्यावर मोठाले लेख आहेत.

त्या लेखांमधून निसटणारी एक गोष्ट म्हणजे कारखान्यातून बहुतेक वेळा अख्खा ट्रक बाहेर पडतच नसे. बाहेर पडायची ती चासी. पुढे बोनेट आणि इंजिन, त्यामागे स्टिअरिंग, मग दोन लांब लोखंडी पट्ट्या, खाली आस आणि चाकं. दार नाही, टप नाही, काचही नाही. केबिन आणि हौदा गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीने बांधून घ्यायचा. पंजाबात सरहिंदला, तमिळनाडूत तिरुचेंगोडेला, आपल्याकडे कोल्हापूरला सुतार-लोहारांच्या पेठा याच कामावर उभ्या राहिल्या. कांद्याला वेगळा हौदा, उसाला वेगळा, दुधाला टाकी. केबिन सागवानी किंवा मिळेल त्या लाकडाची. शेजारी इंजिनाची धग, डोक्यावर पत्रा, आणि अपघात झाला तर त्याच फळ्यांच्या ढलप्या. आपल्या रस्त्यांवर अर्धं शतक धावलेल्या ट्रकचं खरं घर त्या सुतारांनी बांधलं. त्यांच्या कारागिरीचं कौतुक व्हायला हवं. त्या कारागिरीला सुरक्षिततेची कसलीही मोजपट्टी बरीच वर्षं कुणी लावली नाही, हेही त्याच दमात सांगायला हवं.

जमशेदपूरची ही चासी मुंबईपर्यंत कशी यायची? चालवत. अंतर सुमारे १,७०० किलोमीटर. ती आणणाऱ्या माणसाला कॉन्व्हॉय ड्रायव्हर म्हणत. बसायला फळकुट किंवा तात्पुरती खुर्ची, त्यावर गोणपाट. तोंडाला आणि कानांना फडकं गुंडाळलेलं, डोळ्यांना गॉगल. समोरून येणाऱ्या ट्रकने उडवलेली खडी अडवायला काच नसे. पाऊस आला तर अंगावर, थंडी पडली तर अंगावर, रात्री दिव्यांवर झेपावणारे किडे थेट चेहऱ्यावर. शिवाय रिकाम्या चासीचे मागचे पाटे दहा टन ओझं पेलण्यासाठी बनवलेले. वर वजन नसलं की ते वाकत नाहीत, आणि प्रत्येक खड्डा सरळ माणसाच्या मणक्यात जातो. इंजिन नवं, त्यामुळे वेग आवरून चालवायचं, म्हणजे रस्त्यावरचे दिवस आणखी वाढायचे. गाडी पोचवली की पावतीवर सही-शिक्का घ्यायचा आणि परतीला रेल्वेचा जनरल डबा किंवा ओळखीच्या ट्रकची केबिन गाठायची.

या माणसांची एक कहाणी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ सालच्या निकालात आहे. टेल्को कॉन्व्हॉय ड्रायव्हर्स मजदूर संघ विरुद्ध बिहार राज्य. कामगार कायद्याचे विद्यार्थी तो एका तांत्रिक मुद्द्यासाठी वाचतात. मी तो पुन्हा पुन्हा वाचतो तो निराळ्या कारणाने. संघटना सुमारे ९०० कॉन्व्हॉय ड्रायव्हरांची. त्यांची मागणी साधी होती: आम्ही या कंपनीच्या गाड्या देशभर पोचवतो, तर आम्हाला कायम नोकर म्हणून घ्या. कंपनीचं म्हणणं, हे आमचे नोकर नाहीत. तंटा कामगार खात्यापुढे गेला. खातं म्हणालं, तुम्ही कंपनीचे कामगारच नाही, तेव्हा औद्योगिक तंटा असा नाहीच, आणि तंटा नाही म्हणून तो न्यायाधिकरणाकडे पाठवायचा प्रश्नही नाही. उच्च न्यायालयानेही संघटनेला परत पाठवलं.

या उत्तराची खुबी बघा. तुम्ही कामगार आहात का, हाच तर वाद. आणि तुम्ही कामगार नाही असं आधीच ठरवून त्या वादाची सुनावणी नाकारायची! सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं. तंटा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा की नाही, हे ठरवणं सरकारचं प्रशासकीय काम. त्या कामाच्या आडून तंट्याचा निवाडाच करून टाकायचा अधिकार सरकारला नाही. हे ड्रायव्हर कंपनीचे कामगार आहेत की नाहीत ते न्यायाधिकरण ठरवील, असं सांगून न्यायालयाने तंटा तिकडे पाठवण्याचा आदेश बिहार सरकारला दिला. म्हणजे इतकं भांडून त्या ९०० जणांच्या पदरात पडलं ते कुणीतरी आपलं म्हणणं ऐकून घ्यावं एवढंच. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. आणि तो मिळवायला दिल्लीपर्यंत जावं लागलं याची चीडही येते.

एखादी संघटना म्हणून हे तरी झालं. एकेकट्या गाडीवरच्या ड्रायव्हराचं काय? १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या ६५ व्या कलमात पगारी ड्रायव्हराचे तास घालून दिले होते: दिवसाला ९, आठवड्याला ५४, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती. १९६१ मध्ये मोटार वाहतूक कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आला आणि तास ८ आणि ४८ वर आले. उत्तम. पण तो लागू कुणाला होता? पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आपल्याकडे ट्रकचा धंदा म्हणजे बहुतेक एका गाडीचा धंदा. कर्ज काढून घेतलेला एक ट्रक, एक उस्ताद म्हणजे ड्रायव्हर, एक किन्नर म्हणजे क्लीनर. कसारा घाटाच्या चढावर गाडी थांबली की चाकाखाली लावायची उटी घेऊन मागे धावणारा तो पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा या कायद्याच्या मोजणीत आलाच नाही.

या माणसांची झोप खाणारी दुसरी गोष्ट म्हणजे जकात नाका. इथे बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांची आठवण काढलीच पाहिजे. पुण्यात जन्मलेले हे केसकर महाराष्ट्राला ठाऊक आहेत ते आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार करणारे मंत्री म्हणून. रस्ते वाहतुकीवरील करांची चौकशी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते, हे फारसं कुणी सांगत नाही. त्या समितीने १९६७ च्या अहवालात जकात बंद करा असं सांगितलं. नाक्यावर रांगेत उभा असलेला ड्रायव्हर गाडी चालवत नसतो, पण झोपूही शकत नाही. दर दहा मिनिटांनी गाडी दोन हात पुढे घ्यायची, बिल्टी म्हणजे मालाची पावती सांभाळायची, ताडपत्रीखालच्या मालावर नजर ठेवायची. ही रात्र कोणत्याच हिशेबात धरली जात नसे. मुंबईची जकात संपली १ जुलै २०१७ ला, जीएसटीबरोबर. केसकरांच्या अहवालानंतर बरोबर ५० वर्षांनी. गाण्यांच्या बाबतीत केसकर चुकले असं माझं ठाम मत आहे. नाक्यांच्या बाबतीत त्यांचं ऐकलं असतं तर ट्रकवाल्यांच्या एका अख्ख्या पिढीला झोप मिळाली असती.

आता २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. उशिरा का होईना, योग्यच झालं. त्या केबिनमधल्या माणसाने किती तास बसायचं, हा प्रश्न मात्र थंड हवेने सुटणारा नाही. एकट्या गाडीच्या ड्रायव्हराचे तास मोजायची सोय केल्याशिवाय या सक्तीला अर्धाच अर्थ आहे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात वडील, आजोबा, चुलते यांपैकी कुणी चासी पोचवायला जात असतील, ट्रकवर उस्ताद किंवा किन्नर असतील, तर त्यांची लायसन्सं, बिल्ट्या, पोचपावत्या, मालकाची पत्रं, फोटो रद्दीत घालू नका. माणूस हयात असेल तर त्याला बोलतं करा आणि वहीत लिहून ठेवा. गाड्यांचे फोटो पुष्कळ जमले आहेत, आता माणसांचे कागद हवे आहेत.