मान धरली, आता काय?

दिवाळी उरकली की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस या पट्ट्यातल्या द्राक्षबागांत माणसांची वर्दळ वाढते. ऑक्टोबर छाटणी होऊन फुटी आलेल्या असतात, फेलफूट काढून झालेली असते, घड दिसू लागलेले असतात. मग डिपिंग, मग विरळणी. बायकांच्या टोळ्या सकाळी टेम्पोतून उतरतात, डोक्याला रुमाल बांधतात आणि वेलीखाली शिरतात. डाव्या हातानं घड धरायचा, उजव्या हातातल्या छोट्या कात्रीनं जादा मणी कापायचे, की पुढचा घड. मांडवाच्या बागेत दिवसभर हनुवटी वर आणि दोन्ही हात खांद्याच्याही वर. संध्याकाळी कुणी विचारलंच, तर "काय नाही, जरा भरून आलंय" एवढंच उत्तर मिळतं. खरं दुखणं दुसऱ्या दिवशी पहाटे कळतं. अंथरुणातून उठायला जावं, तर मान एका बाजूला वळतच नाही.

हे दुखणं बागेपुरतं नाही. कृष्णाकाठचे साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीची जोडपी फडात उतरतात. चुंबळीवर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय जरा सरकला, तरी तोल सावरायचं काम मानेवर येतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती पाठीवर घेणारे हमाल, सोळा लिटरचा पंप पाठीला लावून फवारणी करणारे शेतकरी, दुधाच्या किटल्या गाडीला अडकवून पहाटे डेअरी गाठणारी पोरं, साताऱ्याहून पुण्याला जाताना एसटीत मान वाकडी करून झोपणारे नोकरदार, सगळ्यांची तक्रार एकच: मान धरली, खांद्यात चमक भरली.

अशी धरलेली मान बहुतेक वेळा आपली आपण सुटते. काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत. या काळात काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही, हे कळणं जास्त मोलाचं आहे.

आत काय बिनसतं?

प्रौढ माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. ते सात मणक्यांवर तोललेलं असतं आणि तोल सांभाळतात मानेचे स्नायू. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावरच्या प्रतिकृतीवरून हिशेब मांडला होता. मान पुढे १५ अंशांनी झुकली तर मणक्यावर येणारा ताण सुमारे १२ किलोइतका आणि ६० अंशांनी झुकली तर सुमारे २७ किलोइतका होतो. हा अंदाज प्रतिकृतीचा, जिवंत माणसात मोजलेला नव्हे. तरी मोबाइलमध्ये डोकं घालून बसणाऱ्याची मान का भरून येते, हे त्यावरून उमगतं.

द्राक्षबागेत मान उलटी, मागे झुकलेली असते आणि वर हातांचं वजन असतं. हात उचललेला ठेवायला खांद्याचा फरा जागेवर धरून ठेवावा लागतो. हे काम मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस या रुंद स्नायूकडे असतं. त्याच्या खाली लिव्हेटर स्कॅप्युली नावाचा पट्टीसारखा स्नायू आहे. मानेच्या वरच्या चार मणक्यांवर सुरू होऊन तो फऱ्याच्या वरच्या, आतल्या कोपऱ्याला चिकटतो. मान धरली की आपण नकळत बोटानं जी गाठ चाचपतो, ती बहुधा याच कोपऱ्यापाशी असते.

स्नायूवर झेपण्यापेक्षा जास्त ताण अचानक आला, किंवा थोडाच ताण पण तासन्‌तास राहिला, की त्याचे काही तंतू दुखावतात. तिथं सूज येते. मग तेवढा दुखावलेला भाग हलू नये म्हणून आजूबाजूचे स्नायूही कडक होतात, एका कामगाराला लागलं म्हणून अख्ख्या खात्यानं काम बंद करावं तसे. प्रत्यक्ष इजा छोटी असते, वेदना मोठी वाटते ती या ताठरपणामुळे. म्हणून "केवढं दुखतंय, काहीतरी तुटलं असणार" हा तर्क इथं सहसा खोटा ठरतो.

गुण कुणाचा?

आपल्या भागात उसण भरली की पायाळू माणूस शोधायची पद्धत आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्यानं दुखऱ्या जागी पाय लावला की उसण उतरते, असा समज. कुणी हाडवैद्याकडे जातं, कुणी निर्गुडीच्या पाल्यानं शेकतं, कुणी गरम मिठाची पुरचुंडी फिरवतं, कुणी मेडिकलमधून गोळी आणतं. आणि गुण सगळ्यांनाच येतो.

यामागचं गणित सोपं आहे. दुखणं शिगेला पोचलं की माणूस उपाय शोधायला बाहेर पडतो आणि शिगेनंतर उतारच असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जो कुणी हाताशी असेल, त्याच्या पदरात श्रेय पडतं. पायाळूला वाटतं आपल्या पायाचा गुण, डॉक्टरला वाटतं आपल्या गोळीचा. यातल्या बऱ्याच उपायांनी बरं वाटतं हे खरंच आहे. शेकानं स्नायू सैलावतो, मायेनं कुणी पाठीवर हात फिरवला की ताण उतरतो. पण जे आपोआप बरं होणार आहे, त्यावरचा उपाय निवडताना पहिली कसोटी एकच लावावी: यातून अपाय तर होणार नाही ना?

त्या कसोटीवर एक उपाय सरळ नापास होतो, मान मोडून घेण्याचा. दाढी-कटिंग झाल्यावर डोकं दोन्ही हातांत धरून झटक्यानं वळवायचं आणि "कट्ट" आवाज आला की मोकळं वाटायचं, ही सवय अनेकांना आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर जातात. झटक्यानं त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथं गुठळी होऊन अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. असं क्वचितच घडतं, पण धडधाकट तरुणांतही घडलेलं आहे. सलूनमध्ये केस धुताना मान बेसिनच्या काठावर फार मागे टेकल्यानं असे झटके आल्याची नोंद अमेरिकेतले डॉक्टर मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्ये केली होती. धरलेली मान तर कुणालाच मोडू देऊ नये.

पहिले तीन-चार दिवस

पूर्वी मान धरली की पट्टा लावून पडून राहायला सांगत. आता सल्ला उलटा आहे. एखादा दिवस जड काम टाळावं, पण मान हलती ठेवावी. पट्टा दिवसेंदिवस लावून ठेवला तर स्नायू आळसावतात आणि आखडलेपण लांबतं.

दर तासा-दोन तासांनी पाठ ताठ करून खुर्चीवर बसावं. हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे घ्यावी, जणू दुहेरी हनुवटी दिसावी अशी, आणि पाच आकडे मोजून सोडावी. मग मान सावकाश उजवीकडे आणि डावीकडे, दुखणं सुरू होईल तिथपर्यंतच वळवावी. मग नाक काखेकडे नेल्यासारखी मान तिरकी झुकवावी, म्हणजे फऱ्याच्या कोपऱ्याला चिकटणारा तो स्नायू हलका ताणला जातो. शेवटी दोन्ही खांदे वर उचलून, मागे नेऊन सोडावेत. प्रत्येक प्रकार पाच-सहा वेळा पुरे. ताण जाणवावा, कळ येऊ नये. मान गोल गोल गरगर फिरवू नये.

गरम की गार, यावर घरोघरी वाद असतो. कोणता शेक सरस, याचा ठाम पुरावा नाही. ताजी लचक असेल तर पहिल्या दिवशी बर्फ कापडात गुंडाळून, नंतर गरम पाण्याची पिशवी, असं करता येईल. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरेत. मधुमेहामुळे ज्यांच्या कातडीची जाणीव कमी झाली आहे, त्यांनी गरम विटेचा किंवा तव्याचा शेक घेऊ नये. भाजलेलं कळत नाही. हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही, मात्र गाठ फोडायची म्हणून कोपरानं रगडू नये.

गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचं वेदनाशामक मलम, इथून सुरुवात करावी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, हृदयविकार असलेल्यांनी, रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या निनावी गोळ्यांपासून तर लांबच राहावं. त्यांत स्टेरॉइड असू शकतं. "सुई मारा, उद्या कामावर जायचंय" हा आग्रह डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. सुईनं दुखणं दबतं, स्नायू भरून यायला लागायचा तेवढा वेळ लागतोच.

झोपताना पोटावर झोपू नये. पाठीवर झोपलं तर उशी मानेची पोकळी भरेल एवढीच असावी, कुशीवर झोपलं तर खांद्याच्या रुंदीइतकी. दोन जाड उशा किंवा अजिबात उशी नाही, दोन्ही मानेला जाचतात.

मिरज कधी गाठायची?

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला तेव्हापासून मिरज हे लांबलांबच्या रुग्णांचं ठिकाण आहे. आज मिरज-सांगलीत आणि कराडात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, यंत्रं आहेत. त्यामुळे मान धरताच एमआरआय काढून घ्यावा असंही काहींना वाटतं. पहिल्या आठवड्यात त्याची सहसा गरज नसते. चाळिशीनंतर काहीच न दुखणाऱ्या अनेकांच्या मानेतही "गादी सरकली", "मणक्यात गॅप" असं काही ना काही दिसतं. तो कागद हाती पडला की साध्या लचकीचा माणूस स्वतःला जन्माचा रुग्ण समजू लागतो.

पण काही खुणा दिसल्या तर वाट पाहायची नाही. मोटारसायकलवरून, ट्रॅक्टरवरून किंवा उसाच्या ट्रकवरून पडल्यावर मान दुखत असेल, तर माणसाला उठवून बसवू नये, मान हलू न देता १०८ला फोन करावा. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल होऊन हातातली वस्तू पडत असेल, चालताना पाय अडखळत असतील, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर नस किंवा मज्जारज्जू दबल्याची शंका घ्यावी. ताप, डोकेदुखी आणि हनुवटी छातीला टेकवता येऊ नये इतकी ताठ मान, हे मेंदूज्वराचं लक्षण असू शकतं. बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, अचानक असह्य डोकं दुखणं हे झटक्याचं. आठवडे लोटले तरी रात्री ठणका लागतो, वजन घटतं, संध्याकाळी बारीक ताप येतो, तर मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे विसरून चालत नाही.

सर्वांत फसवं दुखणं हृदयाचं. डाव्या खांद्यात, मानेत, जबड्यात कळ, छातीवर दडपण, दरदरून घाम, दम लागणं. कष्टकरी माणूस "पोतं उचललं म्हणून भरलं असेल" म्हणत बाम चोळत बसतो. मान किंवा हात हलवल्यावर कमी-जास्त होत नाही आणि चालल्यावर वाढतं, असं दुखणं स्नायूचं समजू नये.

मान एकाची, काम सगळ्यांचं

बरी झालेली मान पुन्हा धरते, कारण काम तेच आणि तसंच असतं. तालमीत पैलवानाची मान महिनोन्‌महिने थोडी थोडी घडवतात. बागेतल्या बाईला मात्र हंगामाच्या पहिल्याच दिवशी आठ तास मान वर करून उभं राहावं लागतं. पहिल्या आठवड्यात विरळणी अर्धा दिवस आणि उरलेला वेळ खालचं काम, एवढा बदल टोळीच्या मुकादमाला करता येतो. उंची कमी पडणाऱ्या बाईला उभं राहायला भक्कम पाट दिला की हात खांद्याच्या खाली येतात. वाय पद्धतीच्या मांडणीत घड बरेचसे चेहऱ्यासमोर येतात, म्हणून नवी बाग लावताना औषध फवारणीच्या सोयीबरोबर काम करणाऱ्याच्या मानेचाही विचार व्हायला हवा. पंपाचे दोन्ही पट्टे खांद्यावर घेणं, किटल्या दोन्ही बाजूंना सारख्या वाटणं, मोळी लहान बांधणं, हेही त्यातलंच.

अडचण उक्त्या कामाची आहे. एकरावर मजुरी ठरली की थांबणं म्हणजे पैसे बुडवणं. "दर तासाला पाच मिनिटं मान मोकळी करा" हा सल्ला तिथं कागदावरच राहतो, जोवर ती पाच मिनिटं मजुरीत धरली जात नाहीत.

माथ्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या कामाच्या अटी अशा एकदा बदलून झाल्या आहेत. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या माथाडींना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा या गोष्टी एकट्या हमालाला मागून मिळाल्या नसत्या. द्राक्षबागेतल्या टोळीला आणि ऊसतोडीच्या जोडप्याला असं छत्र नाही. पाच मिनिटांची विश्रांती, उभं राहायला पाट आणि मोळीच्या वजनाची मर्यादा, यांसाठी कायद्याची वाट पाहायचं मात्र कारण नाही. हंगामाचा दर ठरवायला बागायतदार आणि मुकादम बसतात, त्याच बैठकीत या तीन गोष्टी ठरू शकतात.