खेळातली पाणबुडी किती खरी?

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या आठवडेच्या आठवडे अटलांटिक पालथा घालत. शत्रूचं जहाज मात्र क्वचितच दिसे. हे जसंच्या तसं खेळात आणलं, तर खेळाडू पेंगायला लागेल. म्हणून २००५च्या ‘सायलेंट हंटर ३’ या संगणकीय खेळात काळ शेकडो पटींनी पळवता येतो. बॅटरी, प्राणवायू, इंधन मर्यादित ठेवायचं का, टॉर्पेडो फुसके निघू द्यायचे का, हे खेळाडू ठरवतो. १९४०मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत जर्मन टॉर्पेडो खरोखरच फुसके निघाले होते! लक्ष्याचा वेग, अंतर आणि दिशा स्वतः मोजायची की संगणकावर सोपवायची, हीही निवड त्याचीच. रिकामा वेळ खुशाल गाळावा. निर्णयाचा ताण गाळला, तर उरते नुसती नेमबाजी.