जुन्या मोटारीचें इंजिन घरीं बदलावें काय ?

पावणेदोन-दोन लाख किलोमीटर चाललेली मोटार घरांत असली म्हणजे एखादे दिवशीं हा प्रश्न जेवणाच्या पंगतीस निघतोच. गाडी धूर सोडूं लागलेली असते, चढावर धापा टाकते. मेकॅनिक 'इंजिन गेलें' एवढेंच सांगून एक भला मोठा आंकडा बोलतो. आणि घरांतील एखादा पुतण्या म्हणतो, 'आपणच बदलूं कीं!' वडील मंडळी त्याला उडवून लावतात. आमच्या मतें ही सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नाहीं, आणि ऐकतांच उचलून धरण्यासारखीही नाहीं.

प्रथम विचारावयाचें तें हें कीं, इंजिन खरोखरच गेलें आहे काय ? मीटरवरील आंकडा हा कांहीं रोग नव्हे. चरकसंहितेंत निदानस्थान आधीं येतें व चिकित्सास्थान मागाहून. मोटारदुरुस्तीच्या धंद्यांत मात्र हा क्रम पुष्कळदां उलटा झालेला दिसतो. धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जळत आहे, आणि तेवढ्यासाठीं कोणी इंजिन उतरवीत नाहीं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे; पण रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळीं एकदांच निळा धूर मारून मग स्वच्छ चालत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचीं रबरी सिलें कडक झालेलीं असतात. इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येत राहिली व रेडिएटरांतील पाणी घटूं लागलें, तर हेडच्या गॅस्केटचा संशय घ्यावा. उलट, ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असून इंजिनाच्या खालच्या अंगाला जड ठोका ऐकूं येत असेल, तर दुखणें क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत पोंचलें असें समजावें.

परंतु धुरावरून बांधलेला तर्क तो तर्कच. खरी परीक्षा कॉम्प्रेशनची. तापलेल्या इंजिनाचे सर्व प्लग काढावे, पेट्रोल व ठिणगी बंद करावी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा, आणि प्रत्येक सिलिंडरांत किती दाब भरतो तें मापकावर वाचावें. आमच्या घरच्या तीन सिलिंडरांच्या गाडीचें इंजिन बदलण्याचें जवळजवळ ठरलेंच होतें. आमच्या वहिनींस आठवड्यांतून दोन वेळां डायलिसिससाठीं न्यावें लागतें, त्यामुळें घाईही होती. पुतण्यानें हट्ट धरून आधीं दाब मोजले. पहिल्या दोन सिलिंडरांत दर चौरस इंचास १६० व १५५ पौंड आले, तिसऱ्यांत अवघे ९५. मग त्यानें तिसऱ्यांत चमचाभर ऑइल सोडून पुन्हां मोजलें. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या, तर ऑइलनें फट बुजून दाब चांगलाच चढला असता. येथें तो जेमतेम १०० झाला. म्हणजे गळती रिंगांतून नव्हती, वर हेडमध्यें होती. हेड काढून पाहतां एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळलेला निघाला. हेडचें काम तेवढें बाहेरून करून आणलें; खोलणें-जोडणें दोघां मुलांनीं अंगणांत केलें. तेवढे दिवस वहिनींसाठीं रिक्षा ठरविली होती.

इंजिन खरोखरच गेलें असेल, तर तीन वाटा असतात : रिंगा-बेअरिंगांचें 'हाफ इंजिन', बोअर करून पुरें काम, अथवा कुर्ल्यासारख्या बाजारांतून आणलेलें वापरलेलें इंजिन. हें शेवटचें स्वस्त खरें, पण त्याचें पूर्वचरित्र कोणी सांगत नाहीं. जो दुकानदार कॉम्प्रेशन मोजूं देत नाहीं, त्याच्याकडून घेऊंच नये. खर्च पटतो कीं नाहीं हें पाहतांना लोक गाडीच्या विक्रीच्या किंमतीकडे पाहतात. तो हिशेब अपुरा आहे. अंग न गंजलेली, खात्रीची, तशीच दुसरी गाडी मिळवावयास किती पडेल, हें पाहावें.

इंजिनाचा क्रमांक आर. सी. मध्यें नोंदलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें इंजिन बदलल्याची नोंद आर. टी. ओ. कडे व्हावी लागते. म्हणून बिलाशिवाय इंजिन घेऊं नये, आणि विमा कंपनीसही कळवावें.

आतां 'स्वतः' या शब्दाविषयीं. मजुरी वाचते आणि मुलांस विद्या येते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु चार सिलिंडरांच्या लहान इंजिनाचेंही वजन शंभर किलोच्या आसपास भरतें, आणि पुढचीं चाकें ओढणाऱ्या गाड्यांत बहुधा गिअरबॉक्सही त्याच्याबरोबर काढावा लागतो. त्याला साखळी-कप्पी हवी व ती टांगावयास पक्की तुळई हवी. पत्र्याच्या छपराच्या वाशाला टांगलेली कप्पी आम्हीं एके ठिकाणीं पाहिली. तिच्याखालीं उभें राहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणींही शिरूं नये. स्टँड लावलेच पाहिजेत. एसीचा गॅस घरीं मोकळा सोडूं नये, तो जाणकाराकडून यंत्रानें काढून घ्यावा. रेडिएटरांतील कूलंट गोडसर व विषारी असतें. त्याची बादली उघडी राहिली तर घरांत मुलें आहेत, दारांत मांजर आहे.

ज्यानें क्लच किंवा टायमिंग बेल्ट पूर्वीं आपल्या हातानें बदलला आहे, ज्याला दुसरा जोडीदार आहे, आणि ज्याची गाडी महिनाभर उभी राहिली तरी कोणाचें अडत नाहीं, त्यानें अवश्य हात घालावा. दोन रविवारांत उरकेल असें वाटलें तर चार धरावे. रुग्णालयाच्या फेऱ्या एकाच गाडीवर अवलंबून असतील, त्या घरीं मात्र आम्ही याच्या विरुद्ध आहों.

काम सुरू केलेंच, तर वायर सोडण्यापूर्वीं प्रत्येक जोडाचें मोबाईलवर छायाचित्र घ्यावें. बोल्ट ठेवण्यास मिसळणाचा जुना डबा उत्तम. नवा मागण्याच्या भानगडींत पडूं नये. इंजिन बाहेर असतांनाच क्लच प्लेट, क्रँकचें मागचें ऑइल सील आणि पाण्याचा पंप पाहून घ्यावा, कारण मागाहून त्यांच्यासाठीं पुन्हां तेवढेंच खोलावें लागतें. नवें इंजिन बसविल्यावर लगेच चालू करूं नये. ऑइल भरून, प्लग बाहेर ठेवून व पेट्रोल बंद करून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत फिरवावा. मग प्लग बसवावे.