पोरं चर्चला का येत नाहीत?

आपल्या बचत गटांत ख्रिस्ती घरांतल्या बायाही आहेत. त्यांची एक काळजी आम्ही नेहमी ऐकतो. दहावी झाली की पोरं चर्चला यायची बंद होतात. मग मंडळी शिबिर घेते, गिटार आणते. चार रविवार गर्दी, पुढे पुन्हा म्हातारी माणसंच. खरं तर भजनी मंडळांतही हेच आहे, आणि आपल्या गटात लेकी-सुना सहीपुरत्याच येतात!

या बाबतीत पंडिता रमाबाईंचं काम बघण्यासारखं आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. तिथं प्रार्थना होतीच, पण मुली विणकाम, शेती, छापखाना असं सगळं चालवायच्या. १९०५ साली मुलींचे गट प्रार्थना आणि प्रचारासाठी आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले. म्हणजे धर्माचं कामही मुलींच्याच हाती.

दुसरी गोष्ट भाषेची. बायबलचं मराठी भाषांतर आधीच होतं, पण साध्या बाईला ते जड जायचं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत सगळं बायबल नव्यानं लिहिलं. १९२२ साली मरेपर्यंत त्या त्याच कामात होत्या. ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात. आपल्या हातानं छापलेलं पुस्तक परकं कसं वाटेल?

रमाबाईंची लेक मनोरमा. ती अमेरिकेत ब्रेल शिकून आली आणि केडगावच्या अंध मुलींना वाचायला शिकवलं. पुढे गुलबर्ग्याला मायलेकींनी शाळा काढली, ती मनोरमाबाईंनी सांभाळली. गुलबर्गा म्हणजे आपल्या मुरुमहून आळंदच्या पलीकडचं. तेव्हा तेही निजामाच्या राज्यात आणि आपणही. आईनं लेकीवर अख्खी शाळा सोपवली, हे आम्हाला फार मोठं वाटतं.

आणि प्रश्न विचारण्याचं काय? रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या सिस्टरांशी त्या पत्रांतून धर्मावर वाद घालत. पटेल तेवढंच मानत. वाद घातला म्हणून श्रद्धा गेली नाही. आपल्याकडं पोरानं प्रश्न विचारला की "गप बस" म्हणतात; मग पोरगं गप बसतं, आणि येतही नाही.

म्हणून त्या बहिणींना आम्ही सांगतो: रविवारच्या शाळेचा धडा बारावीच्या मुलीला घेऊ द्या. गाणी कोणती, हे पोरांना ठरवू द्या. मंडळीच्या कमिटीत दोन तरुण घ्या, आणि दानाच्या पैशाचा हिशेबही त्यांच्यापुढं ठेवा. खुर्च्या लावण्यापुरतं बोलावलं तर कोण टिकेल? एखादा धडा फसेल, वहीत खाडाखोड होईल. होऊ द्या.

आपल्या गटांनीही येत्या बैठकीचं इतिवृत्त एखाद्या सुनेला लिहायला द्यावं. कर्ज कुणाला द्यायचं, यावर तिचं मत आधी विचारावं, सासूचं नंतर.