रात्री पाय स्वस्थ का राहत नाहीत?

रात्रीची आवराआवर संपवून अंथरुणाला पाठ टेकली की काही बायकांचे पाय वळवळू लागतात. बहुतेकींचे ते दुखत नाहीत, पण आतून काहीतरी सरपटल्यासारखं, शिवशिवल्यासारखं होतं आणि पाय हलवल्यावाचून राहवत नाही. उठून खोलीत फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, आडवं झालं की पुन्हा तेच. कुणी पोटऱ्यांना ओढणी घट्ट बांधून झोपतं, कुणी मुलाला पायांवर उभं राहायला सांगतं. वैद्यकात याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो साधारण दुपटीने आढळतो. तरी तक्रार केली की उत्तरं ठरलेली असतात: दमली असशील, कॅल्शियम कमी असेल, मनाला फार लावून घेतेस, नाहीतर वयाप्रमाणे हार्मोन्स बदलतात, चालायचंच.

यातला ‘मनाचा’ गैरसमज सर्वांत जुना. इंग्लंडमधले वैद्य टॉमस विलिस यांनी 1672 मध्ये या लक्षणांचं वर्णन करून ठेवलं होतं. पुढे 1861 मध्ये एका जर्मन वैद्याने या लक्षणांना उन्मादाच्या म्हणजे हिस्टेरियाच्या खात्यात टाकलं. 1945 मध्ये स्वीडनचे मेंदूविकारतज्ज्ञ कार्ल-आक्सेल एकबोम यांनी रुग्णांचा नीट अभ्यास करून हा स्वतंत्र आजार आहे हे मांडलं. हा मज्जासंस्थेचा आजार आहे. तो बऱ्याच घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. रोजची झोपमोड झाल्यावर चिडचिड, उदासी येणारच, पण तो परिणाम आहे. त्यालाच कारण ठरवणं हा त्या बाईवर अन्याय आहे.

‘कॅल्शियम कमी आहे’ हे निदान घरोघरी होतं, कारण पायात गोळा येणं आणि ही तळमळ यांत गल्लत होते. गोळा येतो तेव्हा पोटरीचा स्नायू दगडासारखा घट्ट होतो, कळ येते, ताण दिला की सुटतो. तळमळीत स्नायू आखडत नाही. तिच्या खुणा वेगळ्या आहेत: पाय हलवण्याची अनावर इच्छा, ती स्वस्थ बसल्यावर किंवा पडल्यावर वाढते, हालचाल चालू असेपर्यंत कमी होते आणि संध्याकाळनंतर बळावते. कॅल्शियमच्या गोळ्यांनी ही तळमळ जात नाही. उलट कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेतली तर लोह कमी शोषलं जातं. गरोदरपणात दोन्ही गोळ्या दिल्या जातात. त्या वेगवेगळ्या वेळी घ्यायच्या असतात, हे अनेकींना कुणी सांगतच नाही.

आता हार्मोन्सकडे येऊ, कारण इथे अर्धं खरं आहे. गरोदरपणात साधारण पाचातल्या एका स्त्रीला हा त्रास होतो, शेवटच्या तीन महिन्यांत सर्वाधिक, आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच बहुतेकींचा तो ओसरतो. केवळ लोहाची कमतरता हे कारण असतं तर असं झालं नसतं, कारण शरीरातला लोहाचा साठा इतक्या लवकर भरून येत नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनची पातळी मात्र प्रसूतीनंतर झपाट्याने उतरते. म्हणून या त्रासात त्यांचा हात असावा असं मानायला जागा आहे. पण बाईच्या शरीरात ही संप्रेरकं असतात म्हणूनच तिला आजार जास्त, असं म्हणता येत नाही. जर्मनीच्या पोमेरेनिया भागातल्या मोठ्या पाहणीत, जी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली, मूल न झालेल्या स्त्रियांमध्ये आजाराचं प्रमाण त्याच वयाच्या पुरुषांइतकंच निघालं. बाळंतपणांच्या संख्येबरोबर ते वाढत गेलं. शिवाय गरोदरपणात ज्यांना हा त्रास झाला, त्यांना पुढे तो कायमचा जडण्याचा धोका इतरांपेक्षा बराच अधिक असतो. ‘बाळंतपण झालं, संपलं’ असं प्रत्येकीच्या बाबतीत होत नाही.

रजोनिवृत्तीच्या सुमारास काहींचा त्रास वाढतो, म्हणून हार्मोन्सच्या गोळ्या सुरू कराव्यात का? इस्ट्रोजेन देऊन झालेल्या चाचणीत पायांच्या तळमळीवर त्याचा फायदा दिसला नाही. केवळ एवढ्यासाठी त्या गोळ्या घेण्यात अर्थ नाही. या वयात आधी विचारायला हवं ते पाळीतल्या रक्तस्रावाबद्दल. पाळी जाण्यापूर्वीची काही वर्षं अनेकींना अंगावरून खूप जातं, आणि त्यासोबत लोहही जातं.

लोह हाच या साऱ्यातला सर्वांत दुर्लक्षित धागा आहे. मेंदूत डोपामिन हे हालचालींशी निगडित रसायन तयार होण्यासाठी लोह लागतं, आणि या आजारात मेंदूच्या काही भागांत लोह कमी असल्याचं आढळलं आहे. ‘माझं हिमोग्लोबिन बारा आहे, म्हणजे लोह ठीक’ हा समज म्हणूनच महागात पडतो. हिमोग्लोबिन घसरण्याच्या कितीतरी आधी शरीरातला साठा रिकामा होतो. तो कळतो फेरिटिन या तपासणीतून. रिपोर्टवर पंधरा-वीसचा आकडाही ‘नॉर्मल’ छापून येऊ शकतो, पण या आजारात फेरिटिन 75 किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार केला जातो. तपासणी सकाळी करावी आणि आदल्या दिवशी लोहाची गोळी टाळावी. तापात फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा ताप उतरू द्यावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा देशात ही तपासणी पहिल्या भेटीतच व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. मात्र लोह मनाने सुरू करू नये. थॅलेसेमियासारख्या आजारांत ते जास्त होऊन अपाय करतं. गोळ्या सुरू झाल्या की जेवणाला लागून चहा नको, आणि फरक पडायला महिने लागतात.

झोप येत नाही म्हणून सर्दी-ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळी घेणंही घातक, कारण अशा बऱ्याच गोळ्यांनी तळमळ वाढते. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि नैराश्यावरची काही औषधंही तिला खतपाणी घालतात. ती आपणहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगून पर्याय मागा. या आजारावर दिली जाणारी प्रामिपेक्सोलसारखी औषधं सुरुवातीला छान आराम देतात, पण अनेकांना काही वर्षांत त्रास दिवसात लवकर सुरू होऊ लागतो, हातांपर्यंतही पसरतो. त्यामुळे अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या 2025 च्या मार्गदर्शक सूचनांत ती सरसकट वापरू नयेत असं म्हटलं आहे.

डॉक्टरांकडे जाताना ‘पाय दुखतात’ एवढंच सांगू नका. त्रास कधी सुरू होतो, पडल्यावर वाढतो का, चालल्यावर थांबतो का, आईला किंवा बहिणीला होता का, हे सांगा. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा आणि फेरिटिन तपासायचं का, हे स्वतःहून विचारा. गरोदर असाल तर बाळंतपणापर्यंत थांबू नका, पुढच्याच तपासणीला हा विषय काढा.