फोटोतले संत्रे का विटते?

शेंदूरजनाघाटच्या संत्राबागेचा जुना रंगीत फोटो आपण पाहतो, तेव्हा त्यात नारिंगी रंगद्रव्य नसतेच! पिवळे आणि किरमिजी अशी दोन रंगद्रव्ये एकत्र येऊन तो भास घडवतात. पानांचा हिरवा रंग पिवळ्या आणि निळसर-हिरव्या द्रव्यांतून येतो.

१९९०च्या दशकात 'कोडॅक एक्सप्रेस'सारख्या साखळी-दुकानांत तासाभरात फोटो मिळू लागले. तेथील यंत्रात फिल्म ३७.८ अंश सेल्सिअसच्या विकासक द्रावणात सव्वातीन मिनिटे बुडे. प्रकाश पडलेल्या जागी चांदीचे कण आणि त्यांच्याभोवती रंगद्रव्ये तयार होत. नंतर चांदी विरघळवून काढली जाई. कागदावरही हीच क्रिया होई आणि उरत ती फक्त रंगद्रव्ये. ती प्रकाशाने, उष्णतेने विघटित होतात. कृष्णधवल फोटोत मात्र चांदीच राहते. म्हणूनच आजोबांचा फोटो टिकतो आणि आपल्या लग्नाचा विटतो.

वर्गात हे करून पाहू. नको असलेला रंगीत फोटो अर्धा काळ्या कागदाने झाकून काही आठवडे उन्हात ठेवू. दोन्ही भागांतला फरक मुलांनीच सांगावा. आणि शाळेचे जुने रंगीत फोटो? त्यांच्या निगेटिव्ह अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवून प्रती आजच काढून घेऊ. उडालेला रंग परत येत नाही.